जुनी मशीनं चालवलेल्यांनो, इथे लिहा : ग्रेडर, रोलर, डोझर (अनुभव धागा)

मागच्या महिन्यात बार्शीकडे जाताना रस्त्याचं काम चालू दिसलं. ग्रेडर, म्हणजे पोटाखालच्या लांब ब्लेडने रस्ता खरवडून सपाट करणारं मशीन, फायनल (शेवटचा सफाईचा हात) मारत होता. मी मोटारसायकल बाजूला लावली आणि तासभर उभा राहिलो. ऑपरेटर पंचविशीतला पोरगा, काचबंद केबिन, हातात दोन जॉयस्टिक. हात चांगला होता त्याचा. चहाला उतरला तेव्हा बोलणं निघालं. मी म्हटलं, आमच्या ग्रेडरवर उभं राहून काम करावं लागायचं, समोर लिव्हरची रांग, आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) नावाला नाही. तो म्हणाला, "मग काका, ब्लेड हलायचं कसं?" त्याला सांगेपर्यंत दोन चहा झाले. घरी येताना वाटलं, हे लिहून ठेवायला पाहिजे. माझ्या बरोबरीचे बरेच जण आता नाहीत.

मी १९७९ साली हेल्पर म्हणून लागलो. मशीन होतं कॅटरपिलरचा जुना १२ नंबर. ब्लेड १२ फुटी. लिव्हर ओढली की इंजिनच्या ताकदीवर फिरणाऱ्या गिअरात कुत्रा-क्लच (डॉग क्लच, दात्यांत दाते अडकणारा) अडकायचा, दांडा फिरायचा आणि ब्लेडची एक बाजू वर किंवा खाली जायची. सगळं लोखंडाला लोखंड जोडलेलं. त्यामुळे ब्लेड जमिनीत गाडलेल्या दगडावर आदळलं की तो दणका थेट लिव्हरमधून मनगटात. उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ब्लेडची नव्हती. ते म्हणाले, "आंगठा लिव्हरच्या पलीकडे घालायचा नाही. चारी बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. उघड्या पंज्याने ढकल, उघड्या पंज्याने ओढ." आमच्या आधीच्या हेल्परचा आंगठा तसाच गेला होता. त्याला नुकसानभरपाईचा एक रुपया मिळाला नाही, रोजंदारीवर होता म्हणून.

मग दोन वर्षं मला फायनलला हात लावू दिला नाही. मुरूम पसरायचा, साईडपट्टी ओढायची, गटार काढायचं. कारण असं, की ग्रेडर लांब असतो आणि ब्लेड पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे असतं. पुढचं चाक इंचभर उंचवट्यावर चढलं तर ब्लेड साधारण अर्धा इंचच वर येतं. म्हणजे मशीन स्वतःच खड्डे-उंचवटे निम्म्यावर आणतं. नवशिका काय करतो, ब्लेड थोडं वर आलं की घाबरून लिव्हर ओढतो, मग खाली गेलं की परत ओढतो, आणि त्या प्रत्येक ओढीची एक लाट रस्त्यावर उमटते. पुढच्या फेरीला चाक त्याच लाटेवर चढतं. उस्ताद म्हणायचे, "हात बांधून ठेव, पायाला काय कळतंय ते बघ." खरंच तळपायाला कळायचं. लोखंडी पाट्यावर अनवाणी उभे राहायचे ते. ब्लेड मुरमात नीट कापत असलं की पायाखाली एकसारखी घरघर, खडक लागला की झिणझिण्या.

वेग जास्त झाला की ग्रेडर नाचायला लागतो आणि रस्त्यावर धुणं धुवायच्या फळीसारख्या रेघा पडतात. आता नव्या मशीनलाही तो नियम चुकलेला नाही. त्या पोराला मी तेवढं एकच सांगितलं, आणि त्याने तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला.

तर लिहा. पहिलं मशीन कुठलं, कोणाच्या हाताखाली शिकलात, आणि विसरता न येणारा एखादा दिवस.

*

पैठणहून, निवृत्त डोझर ऑपरेटर

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या कामावर होतो. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, मी १९६८ ला लागलो. मातीचं धरण, लांबी जवळजवळ १० किलोमीटर. एका टोकाला काम करताना दुसऱ्या टोकाचे दिवे रात्री गावाच्या दिव्यांसारखे दिसायचे.

डोझर चालू करणं हेच एक काम होतं. मोठ्या डिझेल इंजिनाच्या अंगाला छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आधी दोरी गुंडाळून ते चालू करायचं, मग त्याने मोठं इंजिन फिरवायचं. हिवाळ्यात पहाटेच्या पाळीला पाच-दहा मिनिटं जायचीच. पण ते चालू झालं की सगळ्या आवारात समजायचं.

धरणाच्या गाभ्यात काळी माती आणि दोन्ही अंगांना मुरूम. काळी माती पाण्याचं प्रमाण चुकलं की ऐकत नाही. प्रयोगशाळा होती, नमुने जायचे, पण आमचा मुकादम मूठभर माती दाबून गोळा करायचा. गोळा झाला पाहिजे आणि तळहाताला चिकटता कामा नये. चिकटला तर तो थर वाळू द्यायचा, नाहीतर शीपफूट रोलर नुसता माती मळत बसतो. शीपफूटच्या ड्रमला मेंढीच्या खुरांसारखे खूर असतात. पहिल्या फेरीला ते पूर्ण रुततात. फेऱ्या होत गेल्या की ड्रम हळूहळू वर यायला लागतो, खूर कमी कमी रुततात. वर आला म्हणजे थर बसला. मला आजही शेतात ढेकूळ दिसलं की मुठीत दाबून बघायची सवय आहे.

२४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. आदल्या दिवशी सगळी मशीनं धुऊन एका ओळीत लावली होती. आम्ही लांब उभे होतो, भाषण ऐकू आलं नाही. माझा डोझर ओळीत चौथा होता.

*

फलटण तालुका, रोलर

ग्रेडरवाल्यांचा मान मोठा. आम्ही रोलरवाले, कलकत्त्याच्या जेसपचा तीन चाकी, ८ ते १० टनी. माणूस चालेल त्याच वेगाने चालायचा. त्यामुळे एका कामावरून दुसऱ्या कामावर ४० किलोमीटर जायचं म्हणजे दोन-तीन दिवस. ट्रेलर कोण देतोय? वाटेत संध्याकाळ झाली की रोलर कडेला लावायचा, चाकांना दगड द्यायचे आणि शेजारीच पथारी. बारामती-फलटण भागात अशी गावं आहेत की जिथे मला अजून "रोलरवाले मामा" म्हणतात, कारण दर एक-दोन वर्षांनी मी त्यांच्या वेशीवर मुक्कामाला असायचो. एका म्हातारीने मला सलग अकरा वर्षं भाकरी दिली.

वर आंगठ्याचं लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. आमचं इंजिन हँडलवर चालू व्हायचं. डिकॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा दाबली जाऊ न देणारी लिव्हर) उचलून हँडल फिरवायचं, गती आली की सोडायचं. इंजिन उलटं फिरलं तर हँडल फटकारा मारतं. आम्हालाही तेच शिकवलं होतं, आंगठा बोटांच्या बाजूला. दोन वेगळ्या मशीनचे दोन वेगळे उस्ताद आणि शब्द जवळजवळ तेच.

खडी दाबायचा नियम सगळ्यांना माहीत असेल तरी लिहितो. कडेपासून सुरुवात, मग मध्याकडे. मधून सुरुवात केली तर खडी बाहेर सरकते आणि रस्त्याची पाठ मोडते. वळणावर एक बाजू उंच असते, तिथे खालच्या कडेकडून वर जायचं. सुकं दाबून झालं की मुरूम, मग पाणी, मग परत रोलर, खडीच्या फटीतून चिखलाची पातळ रब वर येईपर्यंत.

*

माण तालुक्यातून

मी ऑपरेटर नाही, पण आजीच्या वतीने लिहिते. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर होती. मशीन जवळजवळ नव्हतंच, माणसंच मशीन. बायका ओळीने बसून खडी फोडायच्या, ढिगाचं माप ब्रासात (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) व्हायचं, दुपारी सुकडी मिळायची. घरी मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी.

आजी म्हणते, सगळ्या कामावर एकच रोलर होता आणि तो यायचा त्या दिवशी बायका हात थांबवून बघायच्या. महिनाभर फोडलेली खडी त्याच्याखाली एका सकाळीत सपाट व्हायची. "वाईट वाटायचं आणि बरंबी वाटायचं," असं ती म्हणते. वाईट का, असं विचारलं तर म्हणाली, "आपला ढीग दिसंनासा व्हायचा."

तो रस्ता डांबराखाली अजून आहे. आम्ही एसटीने त्याच्यावरून जातो तेव्हा ती खिडकीकडे बसते.

*

कोरेगाव, सीमा सडक संघटनेतून निवृत्त

१९८३ ला भरती झालो. काश्मीरातल्या बीकन प्रोजेक्टला पोस्टिंग, सोनमर्गच्या वर झोजिला, लडाखकडे जायचा घाट. घाट साधारण साडेअकरा हजार फुटांवर. हिवाळ्यात बंद आणि वसंतात बर्फ कापून उघडायचा, एक टोळी सोनमर्गकडून, दुसरी द्रासकडून. मशीन बी.ई.एम.एल. कंपनीचा डी ८० डोझर.

साताऱ्याच्या पोराने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो थेट डोझरच्या सीटवरून. बर्फ म्हणजे माती नव्हे. माती आवाज देते. बर्फ गप्प असतो. ब्लेडसमोर काही अडलं तर तो दगड आहे, की गेल्या वर्षी अडकलेली गाडी आहे, की गोठलेला बर्फच आहे, कळत नाही. रस्त्याची कड कुठे आहे तेही कळत नाही, सगळं पांढरं. एक माणूस पुढे लांब काठी घेऊन टोचत चालायचा आणि मी त्याच्या पाठीकडे बघून ट्रॅक टाकायचा. डाव्या हाताला दरी. आमची बायकामुलं गावाकडे भात लावत असतील नाहीतर जत्रेला गेली असतील, असं डोक्यात यायचं, आणि ते डोक्यात येऊ द्यायचं नाही हेच शिकावं लागलं.

सकाळी इंजिन चालू करणं म्हणजे लढाई. बॅटऱ्या रात्री काढून तंबूत आणायच्या, शेगडीजवळ ठेवायच्या. तेल घट्ट झालेलं असायचं, ते गरम करावं लागायचं. दुपारी ऊन तापलं की काम थांबवायचं, कारण वरचा बर्फ सैल होतो. थांबायचा हुकूम पाळला नाही तर काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. त्याबद्दल लिहिणार नाही.

पण दोन्ही टोळ्या जेव्हा समोरासमोर आल्या, मधे शेवटची भिंत पडली आणि पलीकडच्या डोझरचं नाक दिसलं, तो दिवस. पलीकडचा ऑपरेटर बिहारचा होता. दोघेही खाली उतरलो आणि काहीच बोलता येईना.

*

धागा सुरू करणारा

कोरेगावच्या दादांना नमस्कार. फलटणच्या मामांना एक विचारतो : रोलर उतारावर न्यूट्रल झाला तर तुम्ही काय करत होता? आमच्याकडे एक रोलर असाच ओढ्यात गेला होता.

*

फलटण

उतारावर गिअर बदलायचाच नाही, हे एकच उत्तर. वर उभं राहूनच कुठला गिअर ते ठरवायचं. सुटला तर ब्रेकवर भरवसा नाही, कडेच्या मातीच्या ढिगात घालायचा.

*

चंद्रपूर, कोळसा खाण

आमच्या खाणीत ग्रेडर रस्ता बांधत नाही जी, रस्ता जपतो. खाणीतला हॉल रोड दिवसरात्र डंपरखाली असतो. डंपरमधून पडलेला एक टोकदार दगड टायरला कापतो, आणि त्या टायरची किंमत माझ्या कितीतरी महिन्यांच्या पगाराइतकी. म्हणून पाळीभर मी फेऱ्या मारायचो, दगड कडेला सारायचा, चाकोऱ्या भरायच्या. मागून पाण्याचा टँकर, धूळ बसवायला. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात जुन्या ग्रेडरची सीट कपडा टाकल्याशिवाय बसू द्यायची नाही.

डंपरवाल्याला खाली, जवळचं दिसत नाही. एवढ्या उंचावर बसलेला असतो तो. ग्रेडर त्याच्या नजरेआड झाला तर संपलं. त्यामुळे उंच काठीला झेंडा लावायचा, रात्री दिवा. नवीन पोरं काठी वाकली की तशीच चालवतात. कृपा करून असं करू नका. पाळी सोडून दहा मिनिटं गेली तरी चालतील, काठी सरळ करूनच आत जा.

*

महाड, पोकलेन

पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आमच्याकडे कुठलंही खोदायचं मशीन पोकलेनच.

२००५ चा जुलै. २५-२६ तारखेच्या पावसात आमच्या तालुक्यात दरडी आल्या, वस्त्या गेल्या. माझं मशीन नदीतून रेती काढायच्या कामावर होतं. रस्ते तुटलेले, तिथे पोचायलाच वेळ गेला. पोचलो तर लोक हातांनी चिखल उपसत होते.

अशा जागी बकेट कशी चालवायची ते कोणी शिकवत नाही. रोजच्या कामात बकेटचे दात खाली रोवून ओढायचे असतात. तिथे मी बकेट उलटी करून पाठीने चिखल सरकवत होतो, वीतभर, मग थांब. समोर गावातला एक माणूस हात वर धरून उभा. त्याने मूठ मिटली की मी इंजिन हळू करायचो आणि माणसं खाली उतरून हातांनी बघायची. कौलं निघाली, पाटा निघाला, शाळेचं दप्तर निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लिव्हरवरून हात काढला नव्हता, आणि काढला तेव्हा बोटं उघडत नव्हती. कोणीतरी कोमट पाण्यात धरून उघडली.

त्यानंतर वीस वर्षं मशीन चालवतोय. पाया खोदताना माती मऊ लागली की अजून हात आपोआप हलका होतो. मालक म्हणतात काम हळू आहे. असू दे.

*

अहिल्यानगरहून

माझे बाबा ८२ वर्षांचे आहेत, पाटबंधाऱ्याच्या कामांवर डोझर चालवायचे. डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून हा सगळा धागा मी त्यांना दोन संध्याकाळी वाचून दाखवला. महाडचं वाचताना त्यांनी मला थांबवून पाणी मागितलं आणि परत पहिल्यापासून वाचायला सांगितलं.

पैठणच्या काकांसाठी त्यांनी एक भर सांगितली आहे, ती जशीच्या तशी लिहिते. मोठं इंजिन फिरायला लागलं की लगेच कॉम्प्रेशन द्यायचं नाही. डिकॉम्प्रेशनवरच फिरू द्यायचं, तेलाच्या घड्याळाचा काटा उठेपर्यंत. काटा उठला की कॉम्प्रेशन, मग डिझेल. आणि पेट्रोल इंजिन बंद करताना स्विच बंद करून मोकळं व्हायचं नाही. टाकीचा कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत शेजारी उभं राहायचं. कॉक उघडा राहिला तर रात्रभर पेट्रोल गळून खालच्या तेलात उतरतं.

"हे सगळेच विसरायचे," असं ते म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं की पैठणच्या काकांचा डोझर कुठल्या नंबरचा होता. काका, कळवाल का?