कुंडीतील मिरचीची पाने आकसत आहेत आणि एक झाड हिरवेच असताना कोमेजले : कारण काय असावे?

प्रश्न : गॅलरीतील बाग (म्हापसा)

नमस्कार. आम्ही म्हापशात दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या पश्चिमेकडील गॅलरीत दुपारी एकनंतर ऊन येते. मे महिन्यात पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी करताना घेतलेल्या सुक्या हरमल (गोव्यातील स्थानिक जात) मिरच्यांपैकी दोन चांगल्या मिरच्या बाजूला ठेवून त्यांचे बी मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरले. दहाव्या दिवशी कोंब आले, आणि जुलैच्या मध्यावर 12 इंची सहा कुंड्यांत एकेक रोप लावले. रोपांची वाढ इतकी जोमदार झाली की शेजारीही चौकशी करू लागले होते.

आता ऑगस्टच्या अखेरीस तीन तक्रारी एकदम उभ्या राहिल्या आहेत. दोन झाडांची शेंड्याकडील पाने आकसून लहान झाली आहेत. उरलेल्या झाडांना फुले भरपूर येतात, परंतु देठासकट गळून पडतात आणि सकाळी गॅलरी झाडताना ती सुपलीभर निघतात. तिसरी गोष्ट सर्वांत विचित्र आहे. सहावे झाड परवा सकाळी मान टाकून उभे होते. पाने हिरवी, माती ओली, कीड कुठेही दिसत नाही. तहान लागली असेल असे समजून मी तांब्याभर पाणी घातले. संध्याकाळी ते थोडे सावरले, परंतु काल पुन्हा लोंबले आणि आज उठण्याचे लक्षण दिसत नाही. दर आठ दिवसांनी मी शेंगदाण्याच्या पेंडीचे आंबवलेले पाणी घालते. पाच झाडे वाचवायची असतील तर प्रथम काय करावे?

उत्तर : पेडणेकरीण

ताई, तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच रोगाच्या नाहीत, म्हणून त्यांवर एकच औषध शोधू नका. आमच्याकडे पाने आकसली की सगळेच "चुरडामुरडा" म्हणून मोकळे होतात आणि आंबट ताक शिंपडतात. मीही अनेक वर्षे तेच करत होते. पानांची वळण्याची दिशा पाहायला मला फार उशिरा सुचले.

पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल, तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम असते. शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन टिचक्या मारा. फिकट पिवळे, सुईच्या टोकासारखे बारीक जीव कागदावर धावताना दिसतील. याउलट पान खाली वळून होडी पालथी घातल्यासारखे दिसत असेल, देठ लांबला असेल आणि पान हाताला कडक लागत असेल, तर तो कोळी (माइट नावाचा बारीक जीव, जाळे विणणारा नव्हे) असतो, जो भिंगाशिवाय दिसत नाही. तिसरा प्रकार विषाणूचा. त्यात पाने लहान होऊन शेंड्याला गुच्छ होतो, शिरांमधला भाग पिवळसर पडतो आणि झाड खुजे राहते. हा रोग पांढरी माशी पसरवते आणि त्यावर उपाय नाही. असे झाड उपटून पिशवीत बांधून टाकावे, कारण ते ठेवले तर माशी तोच रोग शेजारच्या कुंडीत नेते.

फुलकिड्यांसाठी एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि चमचाभर द्रवरूप साबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. ऊन उतरल्यावर फवारावे आणि त्या रात्री पाऊस येणार नसेल असा दिवस निवडावा (गोव्यात ऑगस्टमध्ये असा दिवस मिळवणे हेच अर्धे काम आहे). कोळी असेल तर पाण्यात मिसळणारे गंधक एका लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात चालते, परंतु कडुनिंबाचे तेल फवारल्यानंतर दोन आठवडे गंधक वापरू नये, पाने करपतात. कोमेजलेल्या झाडाविषयी मला खात्री वाटत नाही. त्याचे उत्तर दुसऱ्या कोणी द्यावे.

उत्तर : जुना माळी (फोंडा)

कोमेजलेल्या झाडाविषयी मी लिहितो, कारण माझा स्वतःचा वाफा याच कारणाने दोन वर्षे रिकामा पडला होता. पाने हिरवी असताना झाड दुपारी मान टाकते, रात्री सावरते आणि दोन-तीन दिवसांत कायमचे लोंबते, हे जिवाणूजन्य मर रोगाचे ठरलेले लक्षण आहे. पिवळी पडून हळूहळू सुकणारी झाडे वेगळी. आपल्या किनारपट्टीवरील आम्लधर्मी, ओलसर जमिनीत हा जिवाणू मुक्कामच करतो. मिरची, वांगी आणि टोमॅटो ही त्याची आवडती झाडे होत.

अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही. झाड मुळापासून दोन बोटांवर कापा, खोडाचा तीन-चार इंचांचा तुकडा घ्या आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात त्याचे कापलेले टोक बुडेल असा उभा धरा. पेला हलवू नका. पाच-दहा मिनिटांत त्या टोकातून दुधासारखी पांढरी धार दोऱ्याप्रमाणे खाली उतरताना दिसली, तर शंका उरत नाही. धार दिसली नाही आणि मुळे तपकिरी, मऊ व कुबट वासाची निघाली, तर पाणी साचून मूळकूज झाली असे समजावे.

आपण कुंड्यांत कोणती माती भरली आणि त्या जागी पूर्वी काय पिकत होते, हे कळवावे.

प्रश्नकर्ती : गॅलरीतील बाग

काका, पेल्याचा प्रयोग केला. चौथ्या मिनिटालाच धार उतरू लागली. अगरबत्तीचा धूर पाण्यात उलटा सोडल्यासारखी ती दिसत होती, मुलानेही पाहिली. माती सासरच्या परसातील तांबडी आहे, आणि सासूबाई म्हणतात की त्या कोपऱ्यात तीन वर्षे वांगीच होती. सहाही कुंड्यांत तीच माती आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे कागद धरला, तेव्हा आकसलेल्या दोन्ही झाडांवर फुलकिडे निघाले. पाने वरच वळलेली आहेत.

उत्तर : जुना माळी (फोंडा)

म्हणजे रोग मातीबरोबर घरात आला. मेलेले झाड मुळांसकट आणि कुंडीतील सर्व माती पिशवीत घालून कचऱ्यात द्यावी, परसात परत टाकू नये. कुंडी साबणाने घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी. ज्या खुरपीने त्या कुंडीत काम केले तीही धुवावी. उरलेल्या पाच कुंड्यांखाली एकच लांब ताटली असेल तर ती काढावी, कारण एका कुंडीतून झिरपलेले पाणी दुसरीत गेले की जिवाणूला वाट मिळते. या पाच झाडांपैकी आणखी एखादे जाईल, त्याची तयारी ठेवावी. लागण झालेल्या झाडाला वाचवणारे औषध बाजारात नाही. दुकानदार देईल, परंतु घेऊ नये.

पुढच्या वेळी माती बदलून भरावी. ज्या जागी वांगी, टोमॅटो, मिरची लागलेली नाही अशा जागेची दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग दोन-तीनदा पाण्यात धुतलेला काथ्याचा भुसा असे मिश्रण मला मानवले आहे. भुसा धुतला नाही तर त्यातील क्षार मुळांना बाधतात. तांबडी माती आंबट असल्यामुळे दहा किलोला दोन चमचे चुना मिसळून ती रोप लावण्यापूर्वी तीन आठवडे ठेवावी. कुंडीच्या तळाच्या भोकावर कौलाचा तुकडा पालथा ठेवावा आणि कुंडी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवावी. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात मिरचीला खतापेक्षा निचऱ्याची गरज अधिक आहे. मर रोगाला दाद न देणारी जात हवी असेल तर केरळ कृषी विद्यापीठाच्या उज्ज्वला आणि अनुग्रह या जाती पाहाव्यात. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारणा करता येईल.

फुले गळण्याचे कारण आपल्याच प्रश्नात आहे. आठवड्याला पेंडीचे पाणी म्हणजे नत्राची मेजवानी, आणि त्यामुळे पाने गर्द हिरवी होतात पण फळ धरत नाही. त्यातच पावसाळ्यात ऊन कमी मिळते. पेंड महिनाभर बंद करून नंतर तीन आठवड्यांनी एकदा पातळ द्यावी आणि बरोबर मूठभर लाकडाची राख मातीत मिसळावी. एप्रिल-मेमध्ये मात्र फुले गळण्याचे कारण उष्मा असतो. रात्रीचे तापमान 24 अंशांच्या खाली उतरत नसेल तर चांगले झाडही फुले टाकते, आणि त्यावर सावली धरण्याखेरीज आपल्या हाती फार काही नसते.

उत्तर : खोल्याचा मिरचीवाला (काणकोण)

निचऱ्याविषयी काकांनी लिहिले त्याला आमच्या गावचा दाखला जोडतो. खोल्याची मिरची पावसाळ्यातच होते, परंतु ती डोंगरउतारावर लावतात. धो धो पाऊस पडतो आणि पाणी मुळांशी थांबत नाही. तीच मिरची सपाटीवर चिखलात लावली तर टिकत नाही. कुंडीला उतार देता येत नाही, म्हणून गॅलरीत निदान वरून चुडतांचा (नारळाच्या झावळ्यांचा) किंवा पारदर्शक प्लास्टिकचा आडोसा करावा. पश्चिमेचा झोडपणारा पाऊस फुलांवर आला तर पराग धुऊन जातो.

ताई, हरमलचे बी पुढच्या वर्षासाठी राखण्याचा विचार असेल तर आसपास दुसरी मिरची आहे का ते पाहा. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळ धरते, तरी मधमाश्या एका झाडावरून दुसऱ्यावर पराग नेतात. यंदाच्या फळाला काही होत नाही, फरक पुढच्या पिढीत दिसतो आणि मग हरमलच्या बियांतून भलतेच काही उगवते. निरोगी झाडाची एक फांदी निवडा, तिच्यावरील उमललेली फुले आणि धरलेली फळे काढून टाका आणि फक्त कळ्या राहतील अशा बेताने तिच्यावर मलमलीची पिशवी बांधा. रोज सकाळी फांदी हलकेच हलवा. फळ धरले की पिशवी सोडून देठाला लाल दोरा बांधा, म्हणजे घरातील कोणी ते हुमणासाठी (माशांच्या आमटीसाठी) तोडणार नाही. फळ पूर्ण लाल झाल्यावर बी काढून सावलीत वाळवा आणि थोडी राख घालून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. आपल्या दमट हवेत उघड्यावरचे बी पुढच्या जूनपर्यंत टिकेलच असे नाही.

प्रश्नकर्ती : गॅलरीतील बाग

शेजारच्या गॅलरीत ज्वाला मिरचीची कुंडी आहे, तेव्हा मलमल लागणारच. पाचपैकी ज्या तीन झाडांना फुलकिडे नाहीत त्यांपैकी मधल्या झाडाची फांदी निवडली आहे. पेंडीचा डबा शेजाऱ्यांच्या जास्वंदीला दिला. मोकळ्या झालेल्या सहाव्या कुंडीत या वर्षी मिरची लावणार नाही, सासूबाईंनी तीत आल्याचा एक मोड लावायला घेतला होता. तो चालेल का, की आल्यालाही हा रोग लागतो?

उत्तर : जुना माळी (फोंडा)

आल्यालाही जिवाणूजन्य मर रोग होतो. त्या कुंडीत माती नवी भरली तरी यंदा मेथी किंवा तांबडी भाजी पेरावी.