मदत हवी: जुळं आहे, दर पंधरा दिवसाला सोनोग्राफी खरंच लागते का? (सोलापूर)

चादरवाला: बायकोला जुळं आहे. डॉक्टर म्हणायलेत, इथून पुढं दर पंधरा दिवसाला सोनोग्राफी. चुलत वहिनीलाही जुळीच झाली, तिची महिन्याला एकच व्हायची. पैसे काढायलेत की खरंच लागते? का सरळ पुण्याला न्यावं? सासूबाई सातव्यातच बार्शीला न्यायचं म्हणून बसल्यात. लवकर सांगा, परवा जायचंय.

निशिगंध: कितवा महिना? वार (प्लॅसेंटा) एक की दोन? पिशव्या?

चादरवाला: पाचवा लागलाय. पिशवी एकच असते ना पोटात?

बाळीवेस_आप्पा: सोनोग्राफी राहू द्या. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालून घ्या आणि पूर्ण बेडरेस्ट. आमच्या सुनेच्या पलंगाला पायाकडनं विटा लावल्या होत्या. नववा भरला, दोन्ही पोरं अडीच किलोची.

निशिगंध: आप्पा, जुळं आहे म्हणून सरसकट टाका घालत नाहीत. आणि नुसतं झोपवून ठेवलं म्हणून दिवस भरत नाहीत, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती.

बाळीवेस_आप्पा: तुम्ही डॉक्टर का?

निशिगंध: नाही. जुळ्यांची आई.

कडकभाकरी: जोडकेळं खाल्लं होतं का वहिनींनी? नावं हवी असतील तर माझ्याकडं यादी आहे.

निशिगंध: @चादरवाला, १२ आठवड्यांच्या आसपासचा रिपोर्ट काढा. 'कोरिऑनिक' असं काही असेल, ती ओळ जशीच्या तशी टाका.

चादरवाला: 'मोनोकोरिऑनिक डायॲम्निऑटिक, टी साइन.' म्हणजे वाईट का?

निशिगंध: वाईट नाही, पण डॉक्टर बरोबर आहेत. वार एकच, आतल्या पिशव्या दोन. एका वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. कधी कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडं जास्त जातं. देणाऱ्याभोवतीचं पाणी आटतं, घेणाऱ्याचं वाढतं. म्हणून १६ आठवड्यांपासून दर पंधरवड्याला दोघांचं पाणी आणि लघवीची पिशवी बघतात. माझ्या वेळी डॉक्टर स्क्रीनवर आधी ती काळी टिकलीएवढी पिशवीच शोधायचे, चेहरे नंतर. वेळेत कळलं तर दुर्बिणीतून लेझरनं त्या जोडवाहिन्या बंद करतात, साधारण २६ आठवड्यांपर्यंत. तुमच्या चुलत वहिनींच्या वारा दोन असणार, त्यांना महिन्यानं चालतं. मधेच पोट एकदम ताणलं, धाप लागली तर तारखेची वाट बघू नका.

हुतात्मा_प्रवासी: पुणे अडीचशे किलोमीटर. कळा सुरू झाल्या तर टेंभुर्णीतच अडकाल.

निशिगंध: लेझरची वेळ आली तर डॉक्टर स्वतःच मोठ्या ठिकाणी पाठवतील. एरवी सोलापुरातच, पण एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) त्याच इमारतीत असलेलं बघा. एका वारेचं बाळंतपण सगळं नीट असलं तरी ३६-३७ आठवड्यांत करतात. त्याआधीच होईल असं वाटलं तर बाळांच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. सातव्यात गाव बदलायचं असेल तर तिथं पंधरवड्याची सोनोग्राफी कोण करणार, ते आधी ठरवा.

चादरवाला: बरं. परवाचा नंबर आहेच. सासूबाईंना कोण सांगणार?

कडकभाकरी: बायकोलाच सांगू द्या.

बाळीवेस_आप्पा: टाक्याचं मात्र विचाराच.