अनुभव धागा : मत देताना उमेदवाराचा धर्म बघता का?

पायवाट (धागाकर्ती)

निवडणूक लागली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर उमेदवारांची यादी फिरते. नाव, पक्ष, चिन्ह आणि शेवटी कुणीतरी हौसेने जोडलेला एक रकाना: समाज. विधानसभा-लोकसभेचा अर्ज भरताना उमेदवाराला जे प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्या नमुना २६ मध्ये त्याच्यावरचे खटले, मालमत्ता, कर्जं, शिक्षण असं सगळं विचारलेलं असतं. धर्म विचारलेला नसतो. आमच्या ग्रुपवर मात्र तासन्‌तास चर्चा चालते ती त्या शेवटच्या रकान्यावर. खटले किती आहेत ते कुणी उघडूनही बघत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. उमेदवार कोणत्या देवाला हात जोडतो, किंवा जोडतच नाही, याने माझ्या मतात फरक पडू नये. तो दुसऱ्याच्या देवाबद्दल माईकवरून काय बोलतो, याने मात्र जरूर पडावा. पण हे म्हणणं मला सोपं जातं. आमच्या भागात माझ्याच धर्माची माणसं बहुसंख्य आहेत, त्यामुळे ‘आपला माणूस’ निवडून येणार की नाही याची चिंता मला कधी करावी लागली नाही. ज्यांना करावी लागते त्यांचं ऐकायचंय, म्हणून हा धागा.

पक्षांची नावं आणि सध्याच्या उमेदवारांची नावं कृपया टाळा. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कुठलाही अनुभव चालेल. स्वतः पाहिलेलं लिहा, फॉरवर्ड नकोत.

खडूफळा

शिक्षक असल्यामुळे नोकरीभर निवडणुकीची ड्युटी लागली, पुढे केंद्राध्यक्ष म्हणूनही. धर्माचं राजकारण सभेत होतं असं लोकांना वाटतं. मी ते पोलिंग एजंटच्या मतदार यादीत बघितलं. सकाळी सहाला एजंट येऊन बसतात तेव्हाच त्यांच्या यादीत नावांपुढे पेन्सिलच्या खुणा असतात. टिक म्हणजे आपलं, फुली म्हणजे त्यांचं, प्रश्नचिन्ह म्हणजे जाऊन भेटायचं. या खुणा त्या माणसाशी बोलून केलेल्या नसतात, नाव-आडनाव वाचून केलेल्या असतात. त्याला गटार तुंबल्याचा राग आहे का, पोराला नोकरी नाही म्हणून तो चिडलाय का, हे कुणी विचारलेलं नसतं.

आणि याचं मूळ मोजणीच्या पद्धतीतही आहे, ते फार कमी लोकांना माहीत असतं. मत गुप्त असतं, पण बूथचा आकडा गुप्त नसतो. प्रत्येक यंत्राची मतं वेगळी मोजली जातात, त्यामुळे कोणत्या वस्तीने कुणाला किती दिलं हे निकालाच्या संध्याकाळीच चौकात वाचलं जातं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा गरज वाटली तर मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची नियमात सोय होती. यंत्रं आल्यावर ती गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं ‘टोटलायझर’ वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, २०१५ मध्ये विधी आयोगानेही त्याला दुजोरा दिला. पण ते अजून आलेलं नाही.

निकालानंतर त्या वस्तीचा टँकर उशिरा येऊ लागतो. मग पुढच्या वेळी ती वस्ती एकगठ्ठा मत देते आणि आपण म्हणतो, बघा, हे लोक धर्म बघून मत देतात. त्यांना तसं करायला कुणी भाग पाडलं, हे कुणी बघत नाही.

रोखठोक

मी धर्म बघतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. माझ्या सणावाराची, माझ्या देवस्थानाची कळकळ ज्याला आहे तो माझ्याच धर्माचा असण्याची शक्यता जास्त. लोक आपल्या भाषेचा, आपल्या तालुक्याचा उमेदवार बघतात तेव्हा कुणी नावं ठेवत नाही. मग धर्मालाच का? बाकी चर्चा चालू द्या, वाचतोय.

तिसरी गल्ली

रोखठोक, तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते आवडलं. मीही तेच करत होते, त्यामुळे त्याच्या पुढचं सांगते.

आमचा प्रभाग मुस्लिमबहुल आहे. ‘आपला’ नगरसेवक दोन टर्म होता. कबरस्तानची भिंत झाली, ईदला कमानी लागल्या, शादीखान्याला रंग लागला. पण आमच्या उर्दू शाळेत मुलींच्या शौचालयाच्या दाराला कडी नव्हती. मुली जोडीने जायच्या. एक आत, दुसरी बाहेरून दार ओढून धरून उभी. मोठ्या वर्गातल्या मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. आम्ही चार आया किती वेळा सांगायला गेलो! उत्तर ठरलेलं: निधी नाही. कमानीला मात्र निधी होता.

पुढच्या निवडणुकीत शेजारच्या भागातली एक हिंदू बाई उभी राहिली. ती शाळेत आली, ते दार स्वतः ओढून बघितलं आणि आम्हाला विचारलं की मुख्याध्यापकांनी याचा अर्ज कधी दिला होता, त्याची पोच आहे का. पोच कुणाकडेच नव्हती. तिने आमच्याकडून अर्ज लिहून घेतला, शिक्का मारून आणायला लावला. तेव्हा ती निवडूनही आलेली नव्हती. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तिला मत दिलं आणि घरी फारसं बोललं नाही. ती आली. कडीच काय, पाण्याची टाकीही आली.

इथे थांबले तर सगळे म्हणतील, बघा, धर्माने काही होत नाही. पण मला दुसरी बाजूही सांगायची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहेत. २८८ जणांच्या विधानसभेत लोकसंख्येच्या हिशोबाने तीसच्या वर आमदार व्हायला हवेत. अलीकडच्या निवडणुकांत निवडून आलेत दहाच्या आसपास. आणि ए. आर. अंतुले १९८० ते १९८२ मुख्यमंत्री होते, त्यांच्याआधी नाही आणि नंतरही नाही. एखाद्या दंगलीनंतर सभागृहात कोण उभं राहतं, कोणत्या वस्तीत पोलीस चौकी हवी आणि कोणत्या वस्तीत बँकेची शाखा हवी हे कोण बोलतं, याला अर्थ आहे. शाळेच्या दाराची कडी कुणीही लावू शकतं. आमच्याबद्दल आमच्या गैरहजेरीत बोललं जात असेल, तर मला तिथे आमच्यातलं कुणीतरी बसलेलं हवंय. माझ्यासाठी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मत देताना दर वेळी त्यांची ओढाताण होते.

पायवाट

ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ‘फरक पडू नये’ असं मी वर लिहिलंय त्यात एक भर घालते: जिथे एखाद्या समाजाचा आवाजच पोचत नाही, तिथे त्या समाजाचा माणूस हवासा वाटणं आणि ‘त्यांचा नको’ म्हणून मत देणं या अजिबात सारख्या गोष्टी नाहीत. रोखठोक, यावर तुमचं मत वाचायला आवडेल.

काळा कोट

कायद्याचं थोडं सांगतो, कारण ‘धर्मावर मत मागणं गुन्हा आहे’ एवढंच लोकांना माहीत असतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन म्हणजे भ्रष्ट आचार. हे फक्त उमेदवाराच्याच धर्माबद्दल की मतदाराच्याही, यावर बरीच वर्षं वाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की मतदाराचाही धर्म त्यात येतो. सिद्ध झालं तर निवडणूक रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

म्हणजे कायदा मागणाऱ्याला अडवतो, देणाऱ्याला नाही. तुम्ही मनात काय ठेवून बटण दाबता याचा जाब कुणी विचारू शकत नाही आणि विचारूही नये. रोखठोक यांनी तसं मत देणं बेकायदा नाही. त्यांच्याकडे तसं मत मागणं बेकायदा आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. पडलेला उमेदवार माझ्याकडे मोबाइलमधली क्लिप घेऊन येतो. भाषण उघड धर्मावरचं असतं. मी विचारतो, ही कुणी काढली? ‘कार्यकर्त्याने.’ तो साक्षीला येईल का? त्याचा फोन मूळ स्थितीत आहे का? तिथे विषय संपतो, कारण तो कार्यकर्ता एव्हाना विजयी गटात गेलेला असतो. शिवाय निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल व्हावी लागते. माणसं येतात ती तोरणं उतरल्यावर, मुदत टळल्यावर.

गिरणगाव ते गिरगाव

आमच्या आजोबांची गोष्ट. सकाळी पूजा केल्याशिवाय चहा न पिणारा माणूस. १९६७ ला दक्षिण मुंबईत त्यांनी जॉर्ज फर्नांडिस यांना मत दिलं. समोर स. का. पाटील, म्हणजे मुंबईतलं केवढं मोठं प्रस्थ! फर्नांडिस मंगळुरूचे ख्रिस्ती, तरुणपणी पाद्री व्हायला निघालेले. आजोबांना हे ठाऊक होतं, पण ते घरात कधी विषय म्हणूनसुद्धा निघालं नाही असं आजी सांगायची. विषय होता महागाई आणि युनियनचा. फर्नांडिस निवडून आले. पुढे १९७७ ला ते तुरुंगात असताना बिहारमधल्या मुझफ्फरपूरने त्यांना मोठ्या फरकाने निवडून दिलं. तिथे ख्रिस्ती मतदार ते कितीसे असणार!

१९७७ ला लाट होती हे मान्य. पण लाट महागाईची, आणीबाणीची असू शकते, माणसं त्यावर मत देतात, हे विसरू नये एवढंच.

ओढ्याकाठी

‘धर्म बघू नका’ हे मतदारांना सांगताना कायदा स्वतः कुठे बघतो तेही सांगा. राखीव मतदारसंघात उभं राहायला अनुसूचित जातीचा दाखला लागतो आणि तो देताना १९५० च्या आदेशानुसार धर्म बघतात. आधी फक्त हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्ध. म्हणून मी अर्ज भरू शकतो. आमच्याच भावकीतलं एक घर दोन पिढ्यांपूर्वी चर्चला जायला लागलं. वस्ती एक, पाणवठ्यावर सोसलेलं एक. त्या घरातला माझ्या वयाचा मुलगा माझ्यापेक्षा चांगला बोलतो, लोक त्याला ओळखतात. पण राखीव जागेवर तो उभा राहू शकत नाही. यावर सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. पण त्याला प्रचारात माझ्यासाठी राबताना बघून मला फार लाज वाटते.

टेम्सकाठची

मी लंडनमध्ये राहते. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना इथे मत देता येतं, त्यामुळे २०१६ च्या महापौर निवडणुकीत भारतीय पासपोर्टवरच मत दिलं. सादिक खान उभे होते. माझ्या भारतीय आडनावाच्या पत्त्यावर विरोधी प्रचाराचं पत्रक आलं: त्यांचा पक्ष तुमच्या घराण्याच्या दागिन्यांवर कर लावेल, अशा अर्थाचं. शेजारच्या इंग्रज बाईला आलेलं पत्रक वेगळंच होतं. आडनाव वाचून माझी भीती काय असेल हे कुणीतरी ठरवलं होतं. खडूफळा सरांनी लिहिलेली पेन्सिलची खूण, तशीच. मला बसभाडं आणि घरभाडं याबद्दल ऐकायचं होतं.

हिरवा कंदील

मित्र विधानसभेला अपक्ष उभा होता, मी त्याच्या दहा सूचकांपैकी एक. अर्जासोबत शपथ घ्यावी लागते, त्यात दोन पर्याय असतात: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. त्याने दुसरा निवडला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, हा देव मानत नाही. मग दारोदार पाण्याच्या योजनेऐवजी त्याचंच स्पष्टीकरण देत फिरलो. शेवटी प्रचाराचा नारळ त्याच्या आईने फोडला. त्यांची श्रद्धा आहे, त्यांनी ती मोकळेपणाने पाळली. डिपॉझिट गेलं. देवामुळे गेलं असं मला वाटत नाही, बूथवर बसायला आमच्याकडे माणसंच नव्हती.

पायवाट

एक बाजू अजून आलेली नाही. मतदाराने धर्म बघायच्या आधी पक्ष तो बघतो. तिकीट मागायला गेलेल्यांपैकी कुणी असेल तर लिहा ना.

वळचण

मी आहे. आमचा समाज गावात मोजून काही घरांचा, जैन. बचत गटांचं काम बरीच वर्षं करतेय, बँकेच्या फेऱ्या, कर्जाचे कागद, सगळं. नगरपरिषदेला तिकीट मागितलं. मुलाखतीत कामाचा एकही प्रश्न नाही. ‘ताई, तुमचं काम चांगलंच आहे, पण या प्रभागात तुमच्या समाजाची मतं किती?’ मी म्हटलं, माझ्या गटांतल्या बाया आमच्या समाजाच्या नाहीतच. ते म्हणाले, त्या घरी सांगतील तिथेच मत देतील. याला ते ‘निवडून येण्याची क्षमता’ म्हणतात.

तिकीट ज्यांना मिळालं त्यांच्या प्रचाराला मी गेले, कारण पक्ष माझा होता. ते पडले. म्हणून म्हणते, मतदार धर्म बघतात की नाही हे आमच्या प्रभागात कळलंच नाही, कारण त्यांच्यासमोर वेगळा पर्याय कधी ठेवलाच गेला नाही.

आता अपक्ष अर्ज भरायचं ठरवलंय. गटातल्याच बाया पाठीशी आहेत, एकीने घरच्यांना न विचारता सही दिली. काळा कोट, तुम्हाला विनंती: नगरपरिषदेच्या छाननीला कोणकोणते कागद हाताशी ठेवू, आणि समोरच्याने हरकत घेतली तर तिथल्या तिथे काय म्हणायचं, ते इथेच लिहाल का?