मुंगूस रात्रीची वाट बघत नाही

कोंबड्या वाचवायला संध्याकाळी खुराडं घट्ट लावलं की झालं, असं म्हणतात. रानमांजराच्या बाबतीत बरंचसं खरं, पण मुंगूस दिवसा फिरतं. आमचं यावलकडे केळीच्या बागेला लागूनच खुराडं. सकाळी अकराला, लख्ख उन्हात तीन पिल्लं गेली, आई अंगणात शेंगा निवडत बसलेली असताना! षटकोनी जाळीखाली ताजी उकरलेली माती. ती जाळी कोंबड्या आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. मग अर्धा इंची वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी जाळी) लावली आणि तळाला फूटभर जाळी बाहेरच्या बाजूला आडवी वळवून मातीखाली दाबली. मुंगूस जाळीच्या अगदी कडेलाच उकरतं, मागे सरकून खणायचं त्याला सुचत नाही.

विषाचं मात्र सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगूस संरक्षित आहे, शिवाय ते विष आधी गल्लीतलं कुत्रंच खाणार.