गाढविणीच्या नाकपुडीवरील पांढरे दाणे: बेस्नॉइशिया असेल का?

प्रश्न: नमस्कार. पेनसिल्व्हेनियातील एका गाढविणीच्या नाकपुड्यांच्या कडेला मोहरीहूनही बारीक, टणक, पांढरे दाणे आले असून, बुरशी समजून केलेल्या उपचारांनी ते हटत नाहीत. हा बेस्नॉइशिया असू शकेल का, आणि निदान पक्के कसे करावे?

उत्तर: शक्यता दाट आहे, कारण बेस्नॉइशिया बेनेटी हा एकपेशीय परजीवी अमेरिकेतील गाढवांमध्ये आता अनेक राज्यांत आढळला आहे. आधी डोळे पाहावेत: चांगल्या उजेडात वरची पापणी उचलल्यावर बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर परजीवीचे सूक्ष्म, गोल कोश (बारीक पिशव्या) दिसले, तर संशय बराच बळावतो. खात्रीसाठी मात्र दाणे असलेल्या त्वचेची बायोप्सीच (छोटा तुकडा काढून तपासणी) करावी; सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतीचे कोश दिसले, की बुरशीचा प्रश्न मिटतो.

दुसरे उत्तर: वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. सोबतच्या गाढवांचे रक्तही प्रतिपिंडांसाठी (परजीवीविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांसाठी) तपासून घ्यावे, मात्र याच्याशी जवळचे नाते असलेल्या इतर परजीवींमुळे फसवा निकाल येऊ शकत असल्याने इम्युनोब्लॉट या अधिक नेमक्या प्रतिपिंड-चाचणीने पडताळणी करावी. या रोगावर अद्याप खात्रीशीर औषध नाही, म्हणून त्या मुक्या जनावरावर औषधांचा मारा कृपया थांबवावा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. बायोप्सीची तयारी करतो.