खान्देशी ऐकली की हसूच का यावं?

गिरणाकाठ

'अलीकडे काय पाहिलं' या धाग्यात परवा जळगाव_टू_पुणे यांनी मालेगावच्या हौशी पिक्चरवाल्या पोरांवरच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' या हिंदी सिनेमावर चार ओळी टाकल्या. सिनेमा आवडला, आदर्श गौरवने काम छान केलंय, शेवटी डोळे भरून आले वगैरे. त्याला कुणाची हरकत असणार? पण पाचवी ओळ अशी होती: 'बाकी आपली खान्देशी सिनेमाला झेपणारी नाही. ऐकली की हसूच येतं. यूट्यूबवरच्या विनोदी व्हिडिओंपुरती ठीक आहे.'

दोन दिवस गप्प बसलो. आज वावरातून आलो, आंघोळ केली, चहा झाला, तरी ते 'हसूच येतं' डोक्यातून जाईना.

हसू बोलीत नसतं हो, ऐकणाऱ्याच्या कानात असतं. 'दशावतार' सिनेमात मालवणी ऐकून कुणी खिदळलं? एके काळी नाटकात मालवणी ऐकायला लोक हसायलाच जायचे. 'स्थळ' मार्च २०२५ मध्ये आला. चंद्रपूरकडचं गाव, गावातलीच माणसं, त्यांचंच बोलणं. ती पोरगी पाव्हण्यांसमोर बसते आणि प्रश्न सुरू होतात, तेव्हा माझ्या शेजारचा माणूस वेफर्स चावायचा थांबला होता. 'सैराट' तर २०१६ चा. करमाळ्याची बोली चालते, चंद्रपूरची चालते, आपलीच तेवढी लंगडी?

माझ्या वडिलांनी एका वर्षी दोनदा पेरून पाहिलं. दुसऱ्या वेळचंही करपलं. बांधावर उभे राहून म्हणाले, "आते बी बी नही, दम बी नही." मी सोळा वर्षांचा होतो. मला हसू आलं नाही. आणि बहिणाबाईंची अहिराणी, म्हणजे आपली खान्देशीच, १९६१ सालीच 'मानिनी' सिनेमात गाणं होऊन गेली, तेव्हा कुणी हसल्याचं ऐकलं नाही.

खरं सांगायचं तर 'सुपरबॉइज' तिथेच थोडा घाबरलाय. यंत्रमाग आहेत, व्हिडिओ पार्लर आहे, दोस्ती आहे, सगळं झकास. पण ती पोरं बोलतात ते इस्त्री केलेलं हिंदी. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८ चा माहितीपट बघा. 'सुपरबॉइज' ज्यांच्यावर बेतलाय ते खरे नासिर शेख, खरा शफीक, आणि त्यांचं सुपरमॅनची नक्कल करणारा पिक्चर काढणं. शुक्रवारी माग बंद, म्हणून पिक्चर. ट्रॉली नाही, म्हणून कॅमेरा सायकलवर. त्यात तुम्ही खूप हसता. मग कळतं की तो सुपरमॅन झालेला शफीक २०११ मध्ये कॅन्सरने गेला, आणि तेच हसू घशात अडकतं. बोली तीच, माणसंही तीच.

जळगाव_टू_पुणे

माझ्या एका ओळीवर एवढं रामायण! आभारी आहे.

भावना पोचली, आता हिशोब बोलू. तुम्ही ज्या बोली सांगितल्या त्या मराठी माणसाला सबटायटलशिवाय कळतात. 'तो जास', 'ती करस', 'माले माहीत शे' हे नगरच्या माणसाला कळेल? २०११ च्या जनगणनेत खान्देशी मराठीपासून वेगळी मोजलीय, साडेअठरा लाखांच्या आसपास. त्यातले तिकीट काढणारे किती? निर्माता काय गिरणेत पैसे सोडेल?

आणि हसतं कोण ते नीट बघा. पुणेकर हसत नाही, त्याला कळतच नाही. त्या व्हिडिओंखाली हसून लोळणारे सगळे धुळे-जळगाव-नंदुरबारचे असतात. आपणच.

शेवटचा प्रश्न. रागावू नका. घरी मुलांशी कुठल्या भाषेत बोलता?

असोद्याची_लेक

मूळ विषय चालू द्या, एकच दुरुस्ती. बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही. लेवा गणबोली आहे. त्यांचं माहेर आमचं असोदं, सासर जळगाव. हे दरवेळी का सांगावं लागतं?

धुळेकर_पक्का

झालं सुरू! ताई, बहिणाबाई बठ्ठा खान्देशन्या शेतस. त्यांना असोद्याच्या वेशीत कोंडू नका. विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव दिलं ते उत्तर महाराष्ट्राचं विद्यापीठ आहे, गावकीचं नाही.

निवृत्त_मास्तर

मी ३१ वर्षं मराठी शिकवलं, म्हणून तोंड घालतो. 'ळ'चा 'य' अहिराणीतही होतो आणि लेवा बोलीतही, त्यामुळे लोक फसतात. क्रियापद बघा. बहिणाबाई 'मियते' लिहितात. अहिराणी असती तर 'मियस' झालं असतं. 'शे' त्यांच्या कवितेत शोधून दाखवा, मी पेढे देतो. चाळीसगाव-धुळ्याकडचं 'माले-तुले' आणि यावल-रावेरकडचं 'मले-तुले' यात एका काना-मात्रेचा फरक आहे, पण त्या मात्रेवर सोयरिकी मोडलेल्या मी पाहिल्यात.

धुळेकर_पक्का

मास्तर, कवितेला असं फळ्यावर टांगू नका. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात खान्देशी भिल्ली भाषांसोबत ठेवली. मग काय, आता मराठीतूनच नाव कमी करून घ्यायचं? मोठं काही करायचं असेल तर एक छत्री लागते. इथे प्रत्येकाला वेगळी चूल हवी. म्हणूनच सिनेमा होत नाही.

असोद्याची_लेक

छत्री तुमची आणि भिजायचं आम्ही?

दादा, मी धुळ्याला होस्टेलवर दोन वर्षं काढली. 'मले पानी दे' म्हटलं की खोलीतल्या चार मुली उशीत तोंड घालून हसायच्या. त्या पुण्या-मुंबईच्या नव्हत्या. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याच्या होत्या. घरी जाऊन अहिराणीच बोलणाऱ्या. दुसऱ्या वर्षी मी पुस्तकी मराठी शिकून आले आणि आजतागायत तेच बोलते. आता तुम्ही मला सांगताय की सगळं एकच आहे. एकच होतं तर हसायचं काय होतं?

धुळेकर_पक्का

त्या मुलींचं बिल माझ्या नावावर कशाला फाडता? आणि लेवा-लेवा म्हणजे शेवटी बोलीचा मुद्दा आहे की समाजाचा, तेही एकदा स्पष्ट

निवृत्त_मास्तर

धुळेकर, थांबा. जातीवर येऊ नका. वाक्य अर्धं सोडलंत ते बरं केलंत.

मोसमपूल

मालेगावहून लिहितोय. सिनेमा आमच्यावर, नासिरभाई आमचे, आणि तुम्ही सगळे असोद्याला जाऊन बसलात. चालू द्या.

गिरणाकाठ भाऊ, तुमचं 'इस्त्री केलेलं हिंदी' पटलं. आमच्याकडे एका वाक्यात उर्दू, मराठी, दखनी असं सगळं असतं, वर हेल वेगळा. सिनेमात हेल मधूनच येतो, मधूनच जातो, लोडशेडिंगसारखा. पण माझ्या अब्बांनी पाहिला तेव्हा त्यांना हे काही दिसलं नाही. ते म्हणाले, पार्लरमधली बाकडी बरोबर आहेत. तेवढ्यावर खूश. त्यांनी 'मालेगाव के शोले' त्या काळी रांगेत उभं राहून पाहिलाय.

खापरावरची_पोळी

पण मालेगाव खान्देशात कधीपासून? जिल्हा नाशिक, गाडी एमएच ४१.

मोसमपूल

१८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला, त्याआधी आम्ही खान्देश जिल्ह्यातच होतो. बाजूच्या सटाण्यात, कळवणात आजही अहिराणी बोलतात. नसेल पटत तर गिरणेला विचारा. आमच्याकडून येते आणि तुमच्याकडे जाते. आरटीओचा नंबर बघून पाणी सोडत नाहीत.

गिरणाकाठ

:) याला उत्तर नाही.

सारंगखेड्याचा_घोडा

तुम्ही बोलीवर भांडा, माझा प्रश्न साधा आहे. मराठी पिक्चरचा शो सकाळी साडेनऊचा का असतो? साडेनऊला माणूस शेतात असतो नाहीतर नोकरीवर. 'स्थळ' बघायचा म्हणून शहादा सोडून एवढ्या लांब एसटीने गेलो. तिकीट खिडकीवर पोरगा म्हणतो, काका, पाच जण जमले तर लावतो. आम्ही तिघे होतो. चौथा नि पाचवा मी रस्त्यावरून गोळा करणार होतो, पण एक चहावाला यायला तयार झाला आणि दुसरा मिळेना. लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा बघायचो, तिथे निदान पाच जण मोजत नव्हते. वर शेंगदाण्याची पुडी दोन रुपयांत. आता पॉपकॉर्नच्या डब्यात माझ्या म्हशीचा एका दिवसाचा चारा येतो.

आणि त्या मालिका! एक बाई जिन्यावरून पडते, तीन दिवस पडतच असते.

निवृत्त_मास्तर

अवांतर असूनही सहमत. आमच्या घरी त्या जिन्याचा चौथा दिवस चालू आहे.

सातपुडा_पायथा

सकाळपासून वाचतोय. अहिराणी, लेवा, मालेगावी. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी यातलं एकही नाव एकाच्याही तोंडून आलं नाही. आमच्याकडे पावरी, भिलोरी, मावची बोलतात. खान्देश म्हटलं की तुमचा नकाशा तापीच्या पुलावर संपतो. ग्रियर्सनच्या नावाने 'भिल्ली भाषांसोबत ठेवली' असं वर कुणी लिहिलं, त्यात कमीपणाचा सूर होता तो मला ऐकू आला. तुम्ही पुणेकरांच्या हसण्याबद्दल रडता. माझी आजी नंदुरबारच्या बाजारात पावरीत भाव विचारायची, तेव्हा दुकानदार अहिराणीत हसायचा.

धुळेकर_पक्का

सूर तसा नव्हता. पण लिहिलं तसं ऐकू येतं, हे खरं शे. शब्द मागे घेतो. ताईंना लिहिलेलं अर्धं वाक्यही घेतो. आता सगळ्यांनी मिळून मला गिरणेत बुडवा, मोसमपुलावरून सोडलं तरी चालेल.

असोद्याची_लेक

माफीसुद्धा टोमण्याशिवाय येत नाही तुम्हाला. असो. घेतली.

अमळनेरची_नाटकवाली

जळगाव_टू_पुणे, तुमच्या हिशोबाला माझा एक हिशोब. सहा वर्षांपूर्वी पुण्यात एका मालिकेच्या ऑडिशनला गेले. पानभर संवाद पाठ केला होता, रडण्याचा. कागदावर गाव वाचून समोरचा म्हणाला, "अरे वा, खान्देश! मग हेच खान्देशीत म्हणा ना, मजा येईल." मी म्हटलं. रडायचा संवाद होता तो, पोर गेलेल्या बाईचा. मी खरंच रडत होते आणि टेबलामागचे दोघे हसत होते. नंतर फोन आला, कामवालीची भूमिका आहे, येता का. गेले. पैशांची गरज होती. सोळा भाग केले, सोळाही भागांत पडदा ओढता ओढता काहीतरी वेडंवाकडं बोलायचं आणि मालकिणीने कपाळाला हात लावायचा.

तुम्ही म्हणता लोक हसतात म्हणून निर्माता पैसा लावत नाही. मला वाटतं, हसण्याशिवाय दुसरं काही आजवर समोर ठेवलंच नाही, मग लोक दुसरं करणार काय?

जळगाव_टू_पुणे

ताई, हे वाचून वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. 'झेपणारी नाही' हा शब्द चुकला. 'झेपवून दाखवली नाही' असं वाचा. पण पैशांचं उत्तर कुणीच दिलेलं नाही. धाग्यावर एवढे जण भांडले, त्यातला सगळा सिनेमा बोलीत काढला तर साडेनऊच्या शोला येणारे किती? सारंगखेडेकर आणि तो चहावाला धरून सांगा.

आणि गिरणाकाठ भाऊ, मुलांच्या भाषेचा प्रश्न तुम्ही शिताफीने गाळलात. माझ्या लक्षात आहे.

गिरणाकाठ

गाळला नव्हता. उत्तर देववत नव्हतं.

मुलगी आठवीत आहे, इंग्रजी शाळेत. आम्ही दोघं आपसात अहिराणी बोलतो, तिच्याशी बोलताना आपोआप 'इकडे ये, जेवून घे' होतं. कधी ठरवलं नव्हतं. तुमचा प्रश्न वाचून काल संध्याकाळी ओट्यावरून हाक मारली, "आठे ये वं." ती आली नाही. दारातच उभी राहून हसायला लागली. "पप्पा, तुम्ही त्या व्हिडिओतल्यासारखं काय बोलताय?" म्हणाली.

घ्या. झालं समाधान?

जळगाव_टू_पुणे

नाही हो. यात कसलं समाधान? माझा तर सहा वर्षांचा आहे, त्याला 'वावर' म्हणजे काय तेही माहीत नाही.

अमळनेरची_नाटकवाली

गिरणाकाठ, तुमच्या वडिलांचं ते बांधावरचं वाक्य एकपात्रीत वापरू का? जळगावच्या स्पर्धेसाठी लिहितेय. विनोदी नाही.

गिरणाकाठ

वापरा. फक्त 'बी बी' म्हणताना मध्ये थांबू नका, ते एका दमात म्हणाले होते.

निवृत्त_मास्तर

पहिला 'बी' बियाणं, दुसरा 'सुद्धा'. छान आहे. आणि नोंद राहावी म्हणून: धागाकर्त्यांनी 'बहिणाबाईंची अहिराणी' हे अजून दुरुस्त केलेलं नाही.