घरचा स्ट्राइक इंडिकेटर: लोकर बुडते त्याचं काय?

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे गळाला नकली किडा लावून मासे पकडताना, मासा लागल्याचं कळावं म्हणून दोरीवर जी छोटी तरंगती खूण लावतात ती म्हणजे स्ट्राइक इंडिकेटर. घरी केलेला लोकरीचा इंडिकेटर थोड्या वेळात भिजून बुडतो, अशी तक्रार असते आणि त्यावर 'फोम लावा' असा सल्ला मिळतो. फोम तरंगतो हे खरं, पण उथळ, संथ पाण्यात तो टपकन आपटतो आणि मासे बिथरतात. तिथे धागाच बरा. फक्त तो पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. त्याची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण ०.९, आणि तो पाणी पीत नाही.

बोटभर लांबीचा झुपका घ्या, मधोमध बारीक दोऱ्याने करकचून बांधा, त्याच गाठीत एक छोटी रबरी रिंग अडकवा. आता दोन्ही टोकं उभी करून बारीक दातांच्या फणीने विंचरत राहा, पार कापसासारखं फुलेपर्यंत. खरी मेख इथेच आहे, कारण तंतूंमध्ये अडकलेली हवाच त्याला वर धरते. बहुतेक जण विंचरण्यातच आळस करतात. मग कात्रीने गोल छाटा आणि कोरडा असतानाच फ्लोटंट (तरंगत ठेवणारं, पाणी न धरू देणारं मलम) चोळा.

लीडरचा (गळाकडच्या बारीक पारदर्शक दोरीचा) फास रिंगमधून ओवून झुपक्यावरून घातला की झालं, हवा तेव्हा सरकवता येतो. निम्फपासूनचं (पाण्याखाली बुडणाऱ्या नकली किड्यापासूनचं) अंतर पाण्याच्या खोलीच्या दीडपट ठेवून सुरुवात करा. रंग नारिंगी चालतो, पण पाणी चकाकत असेल तर काळा जास्त उठून दिसतो, त्यामुळे मी दोन्ही मिसळतो. आणि तो बुडायची वाट बघू नका. प्रवाहात जरा अडखळला तरी काठी उचला.